अग्रक्रमांची यादी आणि कोऱ्या कागदावरची सही

अमेरिकेतल्या अनेक नगर परिषदा राज्याच्या विधिमंडळाचे अधिवेशन सुरू होण्यापूर्वी एक दस्तऐवज, म्हणजे आपल्या अग्रक्रमांची यादी, संमत करतात. राज्याने कोणते कायदे करावेत, कोणते करू नयेत आणि कशासाठी निधी द्यावा, याविषयी शहराची अधिकृत भूमिका त्यात नोंदवलेली असते. त्याची बातमी क्वचितच होते. मला मात्र एखाद्या शहराचे राजकारण समजून घ्यायचे असेल, तर अर्थसंकल्पाखालोखाल हाच कागद वाचावासा वाटतो.

शहराला राज्याकडे असे मागावे का लागते, याचे मूळ जुने आहे. शहराला स्वयंभू अधिकार नसतात, राज्याने दिलेले आणि त्यांतून अपरिहार्यपणे निघणारे तेवढेच असतात, हे तत्त्व आयोवाचे न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी 1868 मध्ये मांडले. पुढे अनेक राज्यांनी शहरांना स्वशासनाच्या सनदा दिल्या, तरी वरचष्मा राज्याचाच राहिला. शार्लट शहराच्या परिषदेने फेब्रुवारी 2016 मध्ये भेदभावविरोधी नियम संमत केला आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने तो पुढच्याच महिन्यात कायदा करून निष्प्रभ केला. आपल्याकडेही 74व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत 18 विषय मांडले खरे. पण त्यांपैकी कोणते अधिकार पालिकांच्या हाती द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार राज्य विधिमंडळांकडेच ठेवला.

यादी तयार होण्याची रीत साधारण ठरलेली असते. अधिकारी प्रत्येक खात्याकडून सूचना मागवतात, परिषदेची एखादी समिती त्यांची छाननी करते, शहरांच्या राज्यस्तरीय संघटनेची भूमिका पडताळली जाते आणि शेवटी पूर्ण परिषद ठराव करते. या रीतीतली पहिली खोट सुरुवातीलाच दिसते. खाते आपल्या अडचणी मांडते. पाणीपुरवठ्याचे खाते असते, रस्त्यांचे असते, पण भाडेकरूंचे किंवा पायी चालणाऱ्यांचे खाते बहुधा नसते. त्यामुळे नगरसेवकांपुढे मसुदा येतो, तोवर निम्मे निर्णय झालेले असतात आणि मग प्रत्येक जण आपल्या आवडीची एकेक मागणी जोडत जातो. शेवटी जे हाती येते, त्याला अग्रक्रम म्हणण्यापेक्षा आवळ्याची मोट म्हणणे योग्य ठरेल. टेक्सासचे विधिमंडळ नियमित अधिवेशनासाठी फक्त विषम वर्षांत आणि जास्तीत जास्त 140 दिवस बसते. तिथे चाळीस मागण्या घेऊन जाणाऱ्या शहराला आपल्याला नेमके काय हवे आहे, हे ठरवता आले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अशा दस्तऐवजांत क्रियापदे फार नीट वाचावीत. एखादे विधेयक आपणहून मांडून घेणे, त्याला पाठिंबा देणे आणि त्यावर ‘लक्ष ठेवणे’ यांत मोठे अंतर आहे. ‘लक्ष ठेवणे’ म्हणजे बहुतेक वेळा कोणीही काहीही करणार नाही, याची सभ्य कबुली होय.

माझा खरा आक्षेप मात्र मागच्या पानांवर आहे. पुढे ठळक अग्रक्रम असतात आणि मागे ‘स्थायी धोरणात्मक भूमिका’ या मथळ्याखाली बरीच व्यापक वाक्ये असतात: स्थानिक नियंत्रण जपणारे कायदे हवेत, निधीविना जबाबदारी लादणारे नकोत, वगैरे. ही वाक्ये शोभेची नसतात. त्यांच्याच आधारे महापौर किंवा अधिकारी, विषय पुन्हा परिषदेपुढे न आणता, शहराच्या नावाने पाठिंब्याची वा विरोधाची पत्रे पाठवू शकतात. विधेयकात रातोरात दुरुस्त्या होतात आणि परिषदेची पुढची सभा दोन आठवड्यांनी असते, तेव्हा अशी मुभा लागतेच, हे मी मान्य करतो. परंतु ‘स्थानिक नियंत्रण’ या दोन शब्दांवर घरबांधणीला अडवणारे पत्रही निघू शकते आणि किमान वेतन वाढवू पाहणारेही. म्हणजे ज्या प्रश्नावर नगरसेवकांनी उघडपणे मत देण्याचे टाळले, तोच प्रश्न कोऱ्या कागदावरच्या सहीने निकाली निघतो.

म्हणून वादग्रस्त विषयावरील पत्र ठळक अग्रक्रमांत त्याचा नावानिशी उल्लेख असल्याशिवाय जाऊ नये आणि पाठवलेले प्रत्येक पत्र पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर यावे, असे मला वाटते. त्याबरोबरच छाननीत गळालेल्या मागण्याही कारणांसह प्रसिद्ध व्हाव्यात. कोणाचा प्रश्न यादीपर्यंत पोहोचलाच नाही, हे आज फक्त समितीच्या टिपणांत राहते.