वेल्सला हा प्रश्न कोणी विचारत नाही

रणजी करंडकात बडोदा हरला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठरलेला वाद निघतो, आणि तो काढतो माझा भाचा. भाचा अहमदाबादला असतो, चांगल्या नोकरीत आहे. त्याचं म्हणणं असं की गुजरात राज्य एक, तर रणजीचे संघ तीन कशाला? गुजरात, सौराष्ट्र, बडोदा अशी वेगवेगळी चूल मांडून मिळतं काय? बडोद्याची दोन-तीन चांगली पोरं असतील ती गुजरातने घ्यावीत आणि विषय संपवावा. या वेळी त्याने वर एक वाक्य जोडलं, "मामा, संस्थानं जाऊन पाऊणशे वर्षं झाली आता." त्यावर ग्रुपभर हसरे चेहरे उमटले. पुण्याच्या मावसबहिणीनेही अंगठा दाखवला. जिच्या राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ सुखाने नांदतात, तिने!

मी मूळचा बडोद्याचा, राहतो वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला. इथे हे असलं कोणी पबमध्ये बोललं तर त्याला हाताला धरून वेस्टगेट स्ट्रीटवर सोडून येतील. फेब्रुवारी उजाडला की गावात रग्बीशिवाय दुसरा विषय नसतो. स्टेडियमचं छत बंद ठेवायचं की उघडं, व्हॅलीजच्या, म्हणजे आसपासच्या खोऱ्यांतल्या गावांच्या गाड्या संध्याकाळी वेळेवर सुटणार का, बस्स. सिक्स नेशन्स या रग्बीच्या स्पर्धेत सहा 'नेशन्स' आहेत असं म्हणतात, पण संयुक्त राष्ट्रांच्या यादीत इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स शोधून दाखवा. राज्य एक, संघ तीन. आणि चौथा आयर्लंड, तो तर दोन देशांचा मिळून एक संघ. १९२१ मध्ये बेटाची फाळणी झाली, सीमा पडली, पुढे काय काय झालं ते जगाला माहीत आहे. रग्बीचा संघ मात्र फोडला नाही. बेलफास्टचा पोरगा आणि डब्लिनचा पोरगा एकाच हिरव्या जर्सीत स्क्रमला खांदा लावतात, आणि गाणं कोणाचं गायचं यावर रुसवा नको म्हणून १९९५ पासून त्या संघासाठी वेगळं गाणंच करून घेतलंय.

म्हणजे संघ नकाशा बघून काढत नाहीत. नकाशे मागून येतात.

हे मी भाच्याला लिहिलं. त्याचं उत्तर, "ते गोऱ्यांचं, त्यांचा इतिहास आहे." आणि आमचा काय पंचायतीचा ठराव आहे? बडोद्याने रणजी करंडक पाच वेळा जिंकला. १९४२-४३, ४६-४७, ४९-५०, ५७-५८ आणि २०००-०१. गुजरात राज्य झालं १ मे १९६० ला. पाचांतले चार करंडक घरात येऊन बसले तेव्हा ज्या राज्यात आम्हाला विलीन करायचं म्हणतात ते राज्यच नव्हतं. याला तो म्हणाला, "मामा, शेवटचा २००१ चा. गुजरातने २०१६-१७ मध्ये जिंकला, सौराष्ट्राने त्यानंतर दोनदा." खरं आहे. मी त्या दिवशी पुढे काही लिहिलं नाही, पण म्हणून त्याचा मुद्दा बरोबर ठरत नाही.

हरतो त्याला काढा, हा सूर इथेही निघतो, नाही असं नाही. २००० साली इटलीला आत घेतलं, पाचाचे सहा झाले. पहिल्याच सामन्यात रोममध्ये त्यांनी स्कॉटलंडला ३४-२० ने हरवलं, सगळ्यांनी पाठ थोपटली. पुढे मात्र इटली हरत गेली. २०१५ नंतर तर ओळीने ३६ सामने. दर वर्षी वर्तमानपत्रांत तोच सूर, इटलीला काढा, जॉर्जियाला घ्या, खालचा संघ वर येईल अशी व्यवस्था करा. १९ मार्च २०२२ ला कार्डिफमध्ये वेल्स आणि इटलीचा त्या मोसमातला शेवटचा सामना होता. वेल्स आदल्या वर्षीचा विजेता. ॲलन विन जोन्सचा वेल्ससाठी दीडशेवा सामना, डॅन बिगरचा शंभरावा. सत्काराचाच कार्यक्रम जणू, इटली नुसती पाहुणी. मी वरच्या स्टँडमध्ये होतो. वेळ संपत आली, वेल्स २१-१५ ने पुढे, माझ्या शेजारचे काका कोट चढवून उठलेसुद्धा. तेवढ्यात कापुओझो नावाचा काडीपैलवान पोरगा उजव्या बाजूने निघाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि शेवटच्या क्षणी चेंडू आत पादोवानीकडे दिला. त्याने खांबांखाली नेऊन ठेवला, म्हणजे ट्राय, पाच गुण. त्यानंतरची दोन गुणांची किक, कन्व्हर्जन, सोपी होती, पण ती मारायला गार्बिसी उभा राहिला तेव्हा काका कोटाच्या एका बाहीत हात तसाच अडकवून बघत होते. २२-२१. इटलीची पोरं मैदानात लोळून रडत होती. सामनावीराचं पदक वेल्सच्या जॉश ॲडम्सला दिलं होतं. त्याने ते जाऊन कापुओझोच्या हातात ठेवलं.

घरच्या संघाचा असा पाडाव झाला आणि मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला.

भाच्याला हा सगळा वृत्तांत पाठवला. त्याने अंगठा दाखवला.

वेल्सची सुरुवात तरी काय मोठी देखणी होती? १८८१ मध्ये ब्लॅकहीथला इंग्लंडशी पहिला सामना खेळले, त्यात इंग्लंडने तेरा ट्राय केले आणि यांना शून्य. आजच्या गुणपद्धतीने हिशेब मांडला तर ८२-०. तेव्हा इंग्लंडमध्ये कोणी म्हणालं असेलच की या खाणवाल्यांना स्वतंत्र संघ कशाला, दोन बरे गडी घ्या आपल्यात. नाही घेतले. १८८२-८३ च्या मोसमात इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स या चौघांच्या आपसातल्या सामन्यांना स्पर्धेचं रूप आलं, पहिली इंग्लंडने जिंकली, आणि दहा वर्षांनी, १८९३ मध्ये, वेल्सने चारही जणांत पहिलं येऊन ट्रिपल क्राउन, म्हणजे बाकी तिघांनाही हरवल्याचा मान, घरी नेला. १२ वर्षं वाट बघितली. आता परत वाईट दिवस आलेत. २०२४ मध्ये तळाला, २०२५ मध्ये तळाला, त्यात कार्डिफमध्येच इंग्लंडकडून ६८-१४. गावात कसली कळा पसरली होती ती विचारू नका. पण कॅरोलाइन स्ट्रीटला चिप्स खात शिव्या घालणाऱ्यांत एकही माणूस म्हणाला नाही की चला, ब्रिस्टलवाल्यांत विलीन होऊ.

भांडणं मात्र भरपूर, ते मान्य. आपल्याकडे क्रिकेट मंडळाच्या राजकारणाला नावं ठेवतात, तर इथली जुनी कागदपत्रं वाचा. १८८४ मध्ये इंग्लंडच्या एका ट्रायवर स्कॉटलंडने हरकत घेतली. नियमाचा अर्थ कोणी लावायचा, यावरून इतकं तुटलं की स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सने १८८६ मध्ये वेगळं मंडळच काढलं. इंग्लंडने त्यात यायला नकार दिला, म्हणून १८८८ आणि १८८९ मध्ये इंग्लंडशिवायच स्पर्धा! मग वेल्सच्या आर्थर गोल्डला चाहत्यांनी वर्गणी काढून घर भेट दिलं, तर बाकीचे ओरडले, हा पैसे घेऊन खेळण्याचा प्रकार आहे. त्यापायी वेल्स काही काळ बाहेर. १९१० ला फ्रान्स आला, १९३१ नंतर धसमुसळेपणा आणि छुप्या मानधनाचा ठपका ठेवून त्याला हाकललं, आणि महायुद्ध आटोपल्यावर १९४७ मध्ये परत घेतलं. १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या गोळीबारानंतर स्कॉटलंड आणि वेल्स डब्लिनला गेलेच नाहीत, स्पर्धा अर्धवट राहिली. पुढच्या वर्षी इंग्लंड गेलं, हरलं, आणि त्यांचा कप्तान जॉन पुलिन रात्रीच्या जेवणात म्हणाला की आम्ही फार चांगले नसू, पण निदान येतो तरी. त्या वर्षी पाचही संघ घरचे दोन्ही सामने जिंकले, बाहेरचे दोन्ही हरले, आणि विजेतेपद पाचांत वाटून गेलं. असा निकाल आपल्याकडे लागला असता तर चार जनहित याचिका झाल्या असत्या.

तशा त्या झाल्याही. क्रिकेट मंडळ सुधारायला नेमलेल्या लोढा समितीने 'एक राज्य, एक मत' सुचवलं, सुप्रीम कोर्टाने जुलै २०१६ मध्ये ते मान्य केलं. प्रश्न मंडळातल्या मताचा होता, संघ मोडण्याचा नव्हता, पण तेव्हापासून भाच्यासारख्यांना शब्द मिळाले. ऑगस्ट २०१८ मध्ये कोर्टानेच ते बदलून बडोदा, सौराष्ट्र, मुंबई, विदर्भ यांचं पूर्ण सदस्यत्व कायम ठेवलं. आमच्या ग्रुपवर मात्र हा खटला अजून चालू आहे.

आणि विलीन झालेल्यांचं काय होतं तेही बघा ना. मार्च १९४७, बडोद्यात रणजीचा अंतिम सामना, समोर इंदूरचा होळकर संघ, सी. के. नायडूंचा. बडोदा ३ बाद ९१ असताना विजय हजारे आणि गुल महंमद एकत्र आले आणि ५७७ धावांची भागी करून उठले. हजारे २८८, गुल महंमद ३१९. कुठल्याही गड्यासाठीचा तो विश्वविक्रम २००६ पर्यंत टिकला. माझे वडील तेव्हा लहान होते, पण सांगायचे असं, जणू दोन्ही डावांत गोलंदाजी त्यांनीच केली होती. तर तो होळकर संघ. आठ मोसमांत चार वेळा रणजी जिंकलेला, देशातला एक नंबरचा. संस्थान गेलं, संघ मध्य भारतात गेला, मग मध्य प्रदेशात. १९५३ नंतर इंदूरवाल्यांना करंडक दिसला तो थेट २०२२ मध्ये. इंदूरला माझी चुलत आत्या असते, तिथल्या जुन्या लोकांना विचारा, होळकरांचं नाव आता स्टेडियमच्या पाटीवर आहे.

शिवाय बडोदा म्हणजे काही फक्त बडोद्याचं नव्हतं कधी. हजारे सांगलीचे. महाराष्ट्राकडून खेळताना पुण्यात त्यांनी नाबाद ३१६ केल्या त्या कोणाविरुद्ध? बडोद्याविरुद्ध. मग बडोद्याने त्यांनाच आणलं, आणि ते तिथलेच झाले, शेवटपर्यंत. झहीर खान श्रीरामपूरचा, बडोद्याकडून खेळला आणि २००१ च्या अंतिम सामन्यात रेल्वेचा कणा त्यानेच मोडला. पठाण बडोद्यातल्याच मांडवीचे, पण पंड्या सुरतेकडून आलेले. आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातले तरी कुठून आलो होतो? पिलाजीराव गायकवाडांच्या मागोमाग.

मागच्या आठवड्यात भाच्याने एकच ओळ टाकली, "मामा, तुमच्या वेल्सचा क्रिकेट संघ कुठाय?"

नाही. क्रिकेटमध्ये वेल्सचे खेळाडू इंग्लंडकडून खेळतात. मंडळाच्या नावात 'इंग्लंड अँड वेल्स' आहे, जर्सीवर तीन सिंह इंग्लंडचे. २००५ च्या ॲशेसमध्ये सायमन जोन्सने ऑस्ट्रेलियाची दांडी उडवली ती इंग्लंडची टोपी घालून. माझ्या घरापासून सोफिया गार्डन्स चालत आहे, तिथे वेल्सचं ग्लॅमॉर्गन खेळतं, बाकीच्या इंग्लिश काउंट्यांमध्ये एक काउंटी म्हणून, आणि १९९७ नंतर काउंटी चॅम्पियनशिप जिंकलेलं नाही. तिथे कोणी दंगा करत नाही. मे महिन्यातल्या चार दिवसांच्या सामन्याला म्हातारे थर्मास घेऊन बसतात, मीही कधीमधी बसतो, आणि विलीन झालेल्या संघाला टाळ्या वाजवताना मला काही टोचत नाही.

हे मी भाच्याला लिहिलेलं नाही. त्याला लिहिलं की तो विषय वेगळा आहे.

पण वेगळा का आहे ते सांगायचं तर मला माझ्याबद्दल सांगावं लागेल. पुण्याला गेलो की आमच्या मराठीला हसतात, 'अमे तो' मध्येच येतं म्हणून. अहमदाबादला महाराष्ट्रीयन. इथे इंडियन, आणि मुलगी वेल्श शाळेत असल्यामुळे काही जण तिच्याशी माझ्यापेक्षा जास्त आपुलकीने बोलतात. दांडिया बाजारातलं घर विकलं, तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत, बडोद्याचा हिरवा चिवडा लेस्टरलाही मिळतो. मी कुठचा, याला कोणी खळखळ न करता मान्य करील असं एकच कागदपत्र माझ्याकडे उरलंय, रणजीचं वेळापत्रक. त्यात बडोद्याचं नाव एका ओळीत असतं, आणि त्या ओळीला गुजरात लागत नाही, महाराष्ट्रही लागत नाही.

भाच्याचं काय जाणार आहे? तो अहमदाबादेत जन्मला, तिथेच राहील. बडोद्याजवळच्या कोटंबीचं नवं स्टेडियम त्याने बघितलंय, मी बघितलेलं नाही. बडोद्याच्या सध्याच्या अकरा जणांची नावं तो घडाघडा सांगतो; मला पंड्या बंधू सोडले तर शोधावी लागतात. संघ मोडा म्हणणारा तो सामने बघतो, आणि ठेवा म्हणणारा मी इथे बसून १९४७ चे आकडे पाठवतो. हे ताईच्या लक्षात आलं; ग्रुपवर नाही, फोन करून ती म्हणाली, "अरे, एवढं आहे तर ये ना डिसेंबरात, दोघं मिळून जा बघायला."

डिसेंबरात तिकिटं महाग असतात. आणि फेब्रुवारीची रजा मी आधीच टाकली आहे, कार्डिफमधल्या घरच्या सामन्यांसाठी.