पुरावा कोणाच्या खिशात ठेवायचा?

सप्रेम नमस्कार,

मित्रांच्या मदतीने रचलेल्या आमच्या खुनाच्या रहस्यखेळावरील (खेळाडू एकेक भूमिका घेऊन पुराव्यांवरून खुनी ओळखतात, असा हा खेळ) लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल मनापासून आभार. आपले दोन आक्षेप आहेत. खेळ रचायला मदत करणारे मित्रच खेळात असल्यामुळे तो शोध न राहता ठरवून केलेले नाटक झाले, हा पहिला; आणि चौदा खेळाडूंपैकी तिघांनाच खुनी ओळखता आला, तोही अष्टमीचा चंद्र केव्हा मावळतो हे आज कोणाला ठाऊक नसताना, म्हणजे कोडेच अन्यायाचे होते, हा दुसरा. पहिला मला मान्य नाही. दुसऱ्यात तथ्य आहे, पण दोष आपण दाखवलात तिथे नाही.

मदतनीस पाच होते. खुनी कोण हे त्यांपैकी एकालाच ठाऊक होते, आणि तो खेळात फौजदार होता, म्हणजे उत्तर देणाऱ्यांत नव्हताच. जिने कोऱ्या कागदाला चहाचे पाणी लावून जुनी पत्रे तयार केली, तिला पत्रांचा मजकूर ठाऊक असल्यामुळे तीही स्पर्धेबाहेर राहिली. उरलेल्या तिघांना मी कच्चा मसुदा वाचायला दिला होता आणि त्यानंतर खुनी बदलला. हे मदतनीस नसते तर खेळ उभाच राहिला नसता, कारण ज्याला उत्तर आधीच माहीत असते, त्याला आपल्या कोड्यातील भोके दिसत नाहीत.

एक उदाहरण देतो. घर चिपळूणजवळचे, कौलारू, पुढे पडवी आणि अंगणाच्या टोकाला रहाटाची विहीर. घरमालक तात्यांचा खून मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीच्या रात्री होतो. त्यांचा भाचा सांगतो की रात्री दोन वाजता आपण गड्याला विहिरीपाशी स्वच्छ चांदण्यात पाहिले. अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर लवकरच मावळतो, तेव्हा भाचा खोटे बोलतो आहे. ही कल्पना माझी स्वतःची नाही. १८५८ मध्ये इलिनॉयमधील बियर्ड्सटाउनच्या न्यायालयात अब्राहम लिंकन यांनी एका खुनाच्या खटल्यात आरोपीची बाजू मांडताना हेच केले होते. साक्षीदार म्हणत होता की रात्री अकराच्या सुमारास दीडशे फुटांवरून आपण चांदण्यात सारे पाहिले. लिंकननी पंचांग पुढे करून त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता हे दाखवले आणि आरोपी सुटला. मला वाटले, याहून पक्का पुरावा कोणता असणार? मसुदा वाचताच एका मैत्रिणीने विचारले, “विहिरीजवळ दिवा नव्हता का?” चार महिने त्या मसुद्यावर बसूनही हा प्रश्न मला पडला नव्हता. मग पंचनाम्यात एक वाक्य वाढवले: विहिरीजवळील दिवा आठवड्यापासून बंद असल्याचे आढळले.

आता दुसरा आक्षेप. तिथीचे ज्ञान सर्वांना असेल असे आम्हीही धरले नव्हते. म्हणून त्याच निष्कर्षाला नेणाऱ्या तीन वाटा ठेवल्या होत्या. माजघराच्या भिंतीवर त्या महिन्याची दिनदर्शिका होती. आत्याबाईंची भूमिका करणाऱ्या खेळाडूच्या पाकिटात एक पत्र होते आणि त्यात चंद्राचे ज्ञान लागूच नये असे साधे वाक्य होते: “साडेबाराच्या पुढे चंद्र मावळला, अंगणात डोळ्यांत बोट घातले तरी दिसेना, म्हणून ओटीवरून उठून आत आले.” आणि तांदळाच्या डब्यात तालुक्याच्या दवाखान्याचा केसपेपर होता, ज्यावरून गडी ती रात्रभर आजारी मुलाजवळ होता हे कळत होते. तिघांना उत्तर सापडले ते या डब्यातून.

पत्र मात्र शेवटपर्यंत बाहेर आलेच नाही. आमच्या नियमांनुसार खोटे बोलण्याची मुभा फक्त खुन्याला होती. इतरांना गोष्ट लपवता येत होती, पण विचारल्यावर खोटे सांगता येत नव्हते. त्याच पत्रात आत्याबाईंनी तात्यांकडून घेतलेल्या पैशांचाही उल्लेख होता. आपल्यावर संशय येईल म्हणून त्या खेळाडूने पत्र कनवटीला लावून ठेवले, आणि तिचे काहीच चुकले नाही. चूक माझी. कोणाची लाज आणि सर्वांना हवा असलेला पुरावा एकाच कागदावर लिहिला, तर तो कागद दडवला जाणारच.

इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापुढेही ताबडतोब आला पाहिजे, हा त्यांतील एक. कथेत ते लेखकाच्या हाती असते, कारण पाने तो क्रमाने उलगडतो. जिवंत खेळात दुवा माणसाच्या खिशात गेला की रचणाऱ्याचा त्यावरील हक्क संपतो, आणि माणूस गप्प बसला तर तो दुवा नसल्यातच जमा. दिनदर्शिकेचे निराळेच झाले. तिच्यासमोर उभे राहून किमान सहा जणांनी तात्यांच्या हस्ताक्षरातील दुधाचा हिशेब वाचला, पण चौकटीतील तिथीकडे कोणाचेही लक्ष गेले नाही, कारण रोज दिसणारी वस्तू पुरावा म्हणून डोळ्यांत भरत नाही. मला हे अजूनही फार मोलाचे वाटते.

आता पैशांचा मजकूर वेगळ्या चिठ्ठीत गेला आहे आणि चंद्राचे वाक्य फौजदाराने नोंदवलेल्या आत्याबाईंच्या जबाबात, म्हणजे सर्वांसमोर वाचल्या जाणाऱ्या कागदात आले आहे. तिथीभोवती तात्यांनी लाल पेनाने खूण केली आहे, त्या दिवशी गड्याला रजा दिल्याची. नव्या पाच जणांसमोर हे कागद स्वयंपाकघरातील टेबलावर मांडून पाहिले, तेव्हा चौघे भाच्यापर्यंत पोहोचले. पाचव्याचा संशय आत्याबाईंवर होता आणि त्याची कारणे ऐकण्यासारखी होती.

एवढे सारे उघड केल्यामुळे हा खेळ आपल्याला आता खेळता येणार नाही, याची खंत वाटते. पुढील खेळाचा मसुदा दिवाळीपर्यंत तयार होईल. आपली तयारी असेल तर खुन्याचे नाव वगळून तो प्रथम आपल्याकडे पाठवीन.