ऑटो क्लच म्हणजे लूना? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

एंड्युरोच्या, म्हणजे जंगल-दगडांतून लांब चालणाऱ्या मातीतल्या शर्यतीच्या, गाडीला ऑटो क्लच (इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे आपोआप धरणारा-सुटणारा, म्हणून इंजिन बंद पडू न देणारा क्लच) बसवण्यावर मी लिहिलं, त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. चिडून लिहिलीय, पण मुद्द्याची आहे. म्हणून "धन्यवाद, मतभेद असू शकतात" असं म्हणून सुटका करून घेत नाही.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही नव्वदच्या दशकात आरएक्स १०० वर मातीतल्या रेस मारल्या आहेत. तुमच्या मते ऑटो क्लच लावणं म्हणजे "चांगल्या गाडीची लूना करणं". डावा हात हीच रायडरची कमाई, ती यात वाया जाते. खऱ्या रेसमध्ये हे कोणी लावत नाही. आपल्या चढांवर प्लेटा जळून कोळसा होतील. पुढे, मला कंपनीनं किती दिले असा सवाल, आणि सगळ्यात शेवटी पुतण्याबद्दल एक प्रश्न.

कंपनीचं आधी संपवतो. कोणी काही दिलेलं नाही, माझ्या गाडीतला ऑटो क्लचचा किट माझ्या खिशातून आलाय आणि त्याची किंमत घरी अजून पूर्ण सांगितलेली नाही.

आता लूना. टोमणा म्हणून तुम्ही लिहिलंत, पण तत्त्व तेच आहे. १९७२ मध्ये कायनेटिकनं लूना आणली तेव्हा तिच्यात सेंट्रिफ्यूगल क्लच होता. इंजिन फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात, बाहेरच्या ड्रमला घासतात आणि चाक फिरायला लागतं. त्याच्याही आधी, १९५८ मध्ये, होंडानं सुपर कबमध्ये डाव्या हाताची लिव्हर काढून टाकली होती आणि गिअर मात्र पायात ठेवले होते. त्या गाड्या पुढे दहा कोटींहून जास्त बनल्या. आपल्याकडे हीरो होंडाची स्ट्रीट त्याच घराण्यातली. तेव्हा "लूना" ही शिवी असेल तर खानदानी शिवी आहे.

पण डर्ट बाइकच्या किटमध्ये ड्रमबिम काही नसतो. तुमच्या आरएक्समध्ये होत्या तशाच तेलात भिजलेल्या क्लच प्लेटा असतात, वर प्रेशर प्लेट, तिच्यावर स्प्रिंगा. फरक एवढाच की एरवी स्प्रिंगा प्लेटांना कायम दाबून धरतात आणि लिव्हर ओढली की दाब सुटतो. इथे जोडणीच अशी करतात की आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन नुसतं चालू असताना, प्लेटांमध्ये किंचित फट राहावी. मग त्यांच्यात एक खास डिस्क असते. सध्या सगळ्यात जास्त चालणाऱ्या रेक्लूझच्या किटमध्ये या डिस्कमध्ये छोट्या पाचरी असतात. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की पाचरी बाहेर सरकतात, डिस्कमधल्या तिरक्या भागावर चढतात आणि डिस्क जाड होते. फट भरते, प्लेटा दाबल्या जातात, गाडी निघते. फेऱ्या उतरल्या की डिस्क परत बारीक. याच कंपनीच्या जुन्या किटमध्ये पाचरींऐवजी पोलादी गोळ्या होत्या.

आणि हे महत्त्वाचं: लिव्हर जागेवरच असते. हवी तेव्हा ओढा, हाफ क्लच मारा, झटक्यात सोडा. अनेकांना वाटतं की ऑटो क्लच म्हणजे लिव्हर गेली. ती नको असेल तरच जाते.

तुमचा खरा मुद्दा डाव्या हाताचा आहे, आणि त्यावर मला जास्त बोलायचंय.

मातीत क्लच गिअर बदलायला लागतच नाही म्हटलं तरी चालेल. वरचा गिअर टाकताना बरेच जण लिव्हरला हात न लावता नुसत्या पायानं टाकतात, हे तुम्हीही केलं असेल. मातीत क्लच लागतो तो इंजिनाची ताकद मागच्या चाकाला मोजून द्यायला. ओल्या कातळावर किती सोडायची, सैल मातीत किती, मूळ आडवं आलं तर त्याच्या अलीकडे किती आणि पलीकडे किती. हा हिशोब हातातल्या दोन बोटांत असतो. ऑटो क्लचला यातलं काहीही कळत नाही. त्याला कळतात फक्त इंजिनाच्या फेऱ्या. टायरखाली शेवाळ आहे की मुरूम, त्याला त्याचं देणंघेणं नाही. इथपर्यंत तुमच्याशी माझं भांडण नाही.

तुम्ही म्हणता कौशल्य मरतं. माझ्या मते ते डाव्या हातातून उजव्या हातात जातं. ऑटो क्लचवर थ्रॉटल हाच क्लच. आयडलच्या थोडं वर, प्लेटा अर्धवट धरत असतात त्या बारीकशा पट्ट्यात गाडी ठेवता येणं हे सोपं काम नाही. ज्याचा उजवा हात ढिसाळ आहे त्याची गाडी पहिल्याच दिवशी हरणासारखी उडी मारते. गिअरचाही तोच प्रकार. आरएक्सवर तुम्ही वरच्या गिअरमध्ये अडकलात तर क्लच ओढून वेळ मारून नेत होतात. इथे वरचा गिअर ठेवला तर प्लेटा पूर्ण धरतच नाहीत, घासत राहतात.

तिथून तुमचा जळण्याचा मुद्दा. प्लेटा जळतात, हो. पण बहुतेक वेळा चढामुळे नाही, आळसामुळे जळतात. लांब चढावर दुसऱ्या गिअरमध्ये फेऱ्या दबलेल्या ठेवून रेंगाळत गेलात तर इंजिन फिरतंय, चाक त्याच्या मानानं फिरत नाहीये, आणि मधला सगळा फरक उष्णता होऊन तेलात जातोय. पहिला टाका, फेऱ्या वर जाऊ द्या, क्लच पूर्ण धरतो आणि घासणं थांबतं. फोर स्ट्रोकमध्ये बहुतेक वेळा इंजिन आणि क्लचचं तेल एकच, त्यामुळे जळालेल्या प्लेटांचा चुरा इंजिनातच फिरतो. तेल लवकर बदलावं लागतं. टू स्ट्रोकमध्ये गिअरबॉक्सचं तेल वेगळं असल्यानं हा त्रास कमी. आणि एक सांगतो, हाफ क्लचवर चढ काढणाऱ्या शिकाऊ पोरांनी जितक्या साध्या प्लेटा जाळल्यात त्याची मोजदाद कोणी करत नाही.

"खऱ्या रेसमध्ये कोणी लावत नाही." कुठली रेस? मोटोक्रॉसबद्दल, म्हणजे मातीच्या बंदिस्त ट्रॅकवरच्या रेसबद्दल, म्हणत असाल तर बरोबर. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मोटोक्रॉसमध्ये एका गेटमागे ४० गाड्या उभ्या असतात. गेट पडतं त्या क्षणी मागचं चाक किती घसरू द्यायचं आणि किती पकडू द्यायचं यावर पहिलं वळण ठरतं. तिथे फेऱ्या आधीच वर चढवून हातानं क्लच सोडायचा असतो. पुढे सगळी शर्यत वेगात, इंजिन बंद पडायचा प्रश्न क्वचित येतो. जे दुखणं नाही त्यावर औषध कशाला?

ट्रायलमध्ये, म्हणजे पाय न टेकता दगडधोंडे पार करायच्या खेळात, तर तुमचा मुद्दा आणखी घट्ट होतो. उभ्या दगडावर गाडी चढवण्यासाठी रायडर क्लच दाबून फेऱ्या चढवतो, फ्लायव्हीलमध्ये (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकात) जोर साठवतो आणि एका झटक्यात सोडतो. इलेक्ट्रिक मोटर कधी बंद पडत नाही, तिला क्लचची गरजच नाही. तरीही इलेक्ट्रिक मोशन या फ्रेंच कंपनीनं आपल्या ट्रायलच्या इलेक्ट्रिक गाडीला मुद्दाम क्लच लावला, का तर तो साठवलेला झटका हवा म्हणून. डाव्या हाताच्या बाजूनं याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही, घ्या, तुमच्याकडे ठेवा.

पण हार्ड एंड्युरो हा तिसराच खेळ आहे. ऑस्ट्रियातला एर्झबर्ग घ्या. लोखंडाच्या खाणीतली शर्यत, १९९५ पासून चालू. मुख्य शर्यतीत ५०० जण सुटतात, चार तासांची मर्यादा, आणि मधे कार्ल्स डायनर नावाचा मोठमोठ्या दगडांचा पट्टा, जिथे जगातले सर्वोत्तम रायडर चालण्याच्या वेगानं जातात. २०१५ मध्ये शेवटपर्यंत फक्त चार जण पोहोचले, तेही एका जंगली चढावर एकमेकांच्या गाड्या ओढून, आणि चौघांनाही मिळून विजेते ठरवलं. अशा ठिकाणी वेगाला फार किंमत नाही. तोल जातो, पाय टेकतो, समोर दगड येतो, मागचा ब्रेक लागतो, चाक अडकतं आणि इंजिन बंद. पुन्हा चालू करा, पुन्हा तोल सावरा, पुन्हा निघा. दर वेळी थोडी ताकद जाते. ऑटो क्लच इथे एकच काम करतो: मागचं चाक ब्रेकनं पूर्ण अडकलं तरी इंजिन चालू राहतं. या खेळात तो लावणारे आहेत आणि न लावणारेही आहेत. न लावणारे अव्वल रायडर आहेत म्हणून आपण शनिवार-रविवारवाल्यांनीही लावू नये, हा तर्क मला पटत नाही. त्यांचे हात वेगळे, आपले वेगळे.

हातांवरून आठवलं. लांब राइडमध्ये तिसऱ्या-चौथ्या तासाला कोपरापासून मनगटापर्यंत स्नायू दगड होतात, बोटं लिव्हरवर वळत नाहीत. तुम्ही ट्रॅकवर दहा-पंधरा मिनिटांच्या रेस मारल्यात. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या लाल चिखलात अख्खा दिवस काढा आणि मग डाव्या हाताबद्दल पुन्हा बोलू. आमच्यातल्या एकाचं डावं मनगट अपघातात मोडलं होतं, प्लेट टाकलीय. त्यानं गाडी विकायला काढली होती. आता चालवतो. त्याला "कौशल्य मेलं" असं सांगायची माझी हिंमत नाही.

शिवाय लिव्हर नको असेल तर तिच्या जागी मागचा ब्रेक बसवता येतो, स्कूटरसारखा. उतारावर उजवीकडे वळताना उजवा पाय बाहेर काढावा लागतो, मग मागचा ब्रेक दाबायचा कशानं? हे एकदा वापरून बघा. सवय व्हायला वेळ लागतो, डावा हात क्लच समजून ब्रेक आवळतो आणि मागचं चाक घसरतं, पण नंतर ही सवय सुटत नाही.

यंत्रानं मदत केली म्हणून रेस खोटी, या म्हणण्याला एक उत्तर इतिहासात आहे. मोटोक्रॉसमध्ये बटण स्टार्टला अशीच नाकं मुरडली जायची, नुसतं वजन म्हणून. रायन डंजीनं २०१५ मध्ये बटण स्टार्टच्या केटीएमवर अमेरिकन सुपरक्रॉसचं ४५० चं विजेतेपद घेतलं. २०१८ च्या मॉडेलपासून होंडानं सीआरएफ ४५० आरला बटणच दिलं. आता किक मारणाऱ्याला कोणी जास्त खरा रायडर म्हणत नाही.

उलट ऑटो क्लचचे जे खरे तोटे आहेत त्यातला एकही तुमच्या प्रतिक्रियेत नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. बॅटरी मेली तर गाडी धक्का मारून चालू होत नाही, कारण इंजिन थांबलेलं असताना क्लच सुटलेलाच असतो. जंगलात हे महागात पडतं. उतारावर गिअरमध्ये टाकून उभी केली तर ती आरामात खाली निघून जाते. कडक उतारावर फेऱ्या आयडलपर्यंत पडल्या की इंजिनाचा ब्रेक अचानक नाहीसा होतो आणि गाडी मोकळी सुटते. तेव्हा थ्रॉटलला हलकीशी चुटकी देऊन क्लच पुन्हा धरायला लावावा लागतो. अंगवळणी पडेपर्यंत हे उलटं वाटतं, खाली घसरताना कोण थ्रॉटल देतं? हुस्क्वार्नानं सत्तर-ऐंशीच्या दशकात पूर्ण ऑटोमॅटिक एंड्युरो गाड्या काढल्या होत्या. स्वीडनच्या सैन्यातही तशा गाड्या होत्या, बर्फात दोन बाजूंना स्की लावून चालवायच्या. त्यांची तक्रार हीच: थ्रॉटल सोडला की इंजिन गाडीला अजिबात आवरत नसे. आताच्या किटमध्ये गिअर आणि फेऱ्या असेपर्यंत इंजिनाचा ब्रेक मिळतो, तेवढी सुधारणा आहे.

आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट पडल्यानंतरची. गाडी आडवी, इंजिन चालू, गिअर पडलेला. साध्या क्लचच्या गाडीचं इंजिन अशा वेळी बहुधा बंद पडलेलं असतं, हिचं नाही. तुम्ही उचलायला जाता, उजव्या हातानं हँडल धरता, थ्रॉटल फिरतो आणि गाडी तुमच्याशिवाय निघते. म्हणून उचलण्याआधी किल स्विच, कायम.

आता पुतण्या. तो पहिली डर्ट बाइक घेतोय आणि ऑटो क्लचचा हट्ट धरून बसलाय, द्यावा का, असं तुम्ही विचारलंत. नको. निदान एक पूर्ण पावसाळा साध्या क्लचवर चालवू द्या. तुमच्यासारखा शिकवणारा घरात असताना ती दोन बोटं शिकून घेतलीच पाहिजेत, कारण ऑटो क्लच लावल्यावरही अवघड जागी लिव्हर लागते आणि ती वापरता आली नाही तर किटचा अर्धा फायदा गेला. ते पैसे सध्या टायर, गुडघ्यांचे गार्ड आणि पुढच्या सस्पेन्शनच्या सेटिंगवर घाला. पुढच्या वर्षी त्याला रेस ट्रॅकवर ओढ वाटली तर विषय संपला, जंगलात वाटली तर पुन्हा बोलू.

तेव्हा बसवलाच तर एक काम दर राइडच्या आधी त्याला करायला लावा. गाडी गरम करून न्यूट्रलमध्ये ठेवायची, क्लच लिव्हरला आणि ग्रिपला मिळून एक रबर बँड अडकवायचा आणि थ्रॉटलला झटका द्यायचा. डिस्क जाड होताना प्रेशर प्लेट उचलते, लिव्हर सैल पडते आणि रबर बँड तिला काही मिलिमीटर आत ओढतो. लिव्हर अजिबात हलली नाही तर फट जास्त आहे आणि प्लेटा घासणार. फारच आत आली तर फट कमी आहे, क्लच आयडलवरही ओढत राहील. रबर बँड स्वयंपाकघरातला चालतो.