कादंबरीतलं वाक्य पुरावा म्हणून का चालत नाही

ऐतिहासिक कादंबरीतला एखादा संवाद उचलायचा, खाली त्या थोर व्यक्तीचं नाव टाकायचं आणि सोसायटीच्या ग्रुपवर फिरवायचा, हा प्रकार इतका अंगवळणी पडलाय की हटकणाराच अरसिक ठरतो. दुसऱ्या टोकाला 'कादंबऱ्या कसल्या वाचता, सगळं खोटंच तर असतं' म्हणणारे. ठाण्यातल्या वाचनकट्ट्यांवर दोन्ही सूर ऐकू येतात. घोटाळा दोघांचा एकच: वाक्य सुटं काढायचं आणि ते खरं की खोटं एवढंच बघायचं.

ही पद्धत कुठे फसते ते कादंबरीतल्या एका वाक्यावर पाहू. 'सुमित्रा ठाणे स्टेशनला उतरली आणि जांभळी नाक्यावरून चालत तलावपाळीला आली.' स्टेशन खरं, नाका खरा, तलावपाळी खरी. सुमित्रा मात्र कुणीच नाही. जर्मन तत्त्वज्ञ फ्रेगे १८९२ साली म्हणाला की ज्या नावामागे कुणी नाही, त्या नावाच्या वाक्याला अर्थ असतो, पण ते खरंही नसतं आणि खोटंही. ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलच्या १९०५ च्या हिशेबाने असं नाव म्हणजे दडलेलं वर्णन. त्या वर्णनात बसणारं कुणी नसेल तर वाक्य सरळ खोटं. मग 'सुमित्रा ठाण्याला उतरली' आणि 'सुमित्रा कल्याणला उतरली' ही दोन्ही सारखीच खोटी झाली. तरी त्या कादंबरीवरच्या परीक्षेत कल्याण लिहिणाऱ्याचे गुण आपण कापतोच ना?

अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुइसने १९७८ मध्ये याची गाठ सोडवली. अशा वाक्याआधी आपण मनातल्या मनात 'कथेनुसार' धरतो. ती कथा जिथे खरी हकीकत म्हणून सांगितली जाते अशी शक्य जगं (वस्तुस्थिती जशी असू शकली असती तशी कल्पलेली जगं) घ्यायची. त्यातल्या आपल्या जगाच्या सर्वांत जवळच्या जगांत जे खरं, ते कथेत खरं. म्हणूनच सुमित्राला दोन फुप्फुसं आहेत हे लेखकाने कुठेही न लिहिता आपण धरून चालतो.

पण लुइसचं सूत्रही एका जागी अपुरं पडतं, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने तीच जागा मोलाची आहे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. समजा कादंबरीतलं पात्र १८५० साली गाडीने ठाण्यात उतरलं. कथेनुसार ते उतरलंच. कथेच्या आत तिथे काही चुकलेलं नाही. अद्भुतकथेत अशी गाडी खुशाल धावू द्या. पण तोच मजकूर ऐतिहासिक कादंबरीत आला तर ते ढळढळीत वैगुण्य आहे. असं का होतं? तत्त्वज्ञ स्टेसी फ्रेंड यांनी २०१२ मध्ये जे मांडलं ते इथे कामी येतं: कल्पित साहित्य हा एक वाङ्मयप्रकार आहे, आणि पुस्तक कोणत्या प्रकारात ठेवून वाचायचं यावर त्याच्याकडून काय अपेक्षा करायची ते ठरतं. ऐतिहासिक कादंबरीत पार्श्वभूमी विश्वासाने घ्यायची रीत आहे, संवाद आणि मनातले विचार घ्यायची नाही. ग्रुपवर फिरतात ते नेमके संवादच.

मग एखादा मजकूर कल्पित कशाने ठरतो? भाषेवरून तर नक्की नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचा ग्रंथ छंदात बसवला तरी तो इतिहासच राहील, हे अ‍ॅरिस्टॉटलने तेव्हाच सांगून ठेवलंय. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्लनेही १९७५ मध्ये तेच धरलं: नुसत्या मजकुरात कल्पिताची खूण सापडत नाही, लेखक विधान केल्याचा आविर्भाव आणतो, प्रत्यक्षात विधान करत नाही. केंडल वॉल्टन या तत्त्वज्ञाने १९९० मध्ये लेखकावरची नजर काढून वाचकाच्या खेळावर आणली. भातुकलीत खापरीचा तुकडा 'भाकरी' ठरला की ताटात किती भाकऱ्या आहेत हे तुकडे मोजूनच कळतं, कुणाच्या लहरीवर नाही. पुस्तकही तसं कल्पनेला वळण लावणारं साधन. त्याच वर्षी ग्रेगरी करी या तत्त्वज्ञाने लेखकाचा हेतू पुन्हा मधे आणला: वाचकाने हे खरं मानावं असं लेखकाला वाटत नसतं, कल्पावं असं वाटतं. यावर डेरेक मॅट्रॅव्हर्स या तत्त्वज्ञाचा आक्षेप मला फार वजनदार वाटतो. चांगलं प्रवासवर्णन वाचतानाही आपण सगळं डोळ्यांपुढे आणतोच, मग कल्पना करणं ही एकट्या कादंबरीची खूण कशी? म्हणून नुसत्या कल्पनेवर भागत नाही. या वाक्याची हमी कोण घेतंय, हेही विचारावं लागतं.

'खोटंच तर असतं' म्हणणाऱ्यांनी आपल्याकडचा जुना संस्कृत नाट्यमीमांसक शंकुक जरूर पाहावा. त्याचं म्हणणं अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावर लिहिलेल्या टीकाग्रंथातूनच आपल्यापर्यंत आलंय. रंगमंचावरच्या रामाकडे बघताना 'हा रामच' अशी खात्री नसते, 'हा राम नव्हे' असा नकार नसतो, 'राम की आणखी कुणी' असा संशय नसतो आणि 'रामासारखा' अशी तुलनाही नसते. चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो, तशी ही चारही प्रकारांहून वेगळी प्रतीती. शंकुक नाटकाबद्दल बोलतोय, कादंबरीला नट नसतो, आणि अभिनवगुप्ताने त्याचं मत खोडूनही काढलंय. तरी खरं-खोटं या जोडीबाहेर एक जागा आहे हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी दाखवलं असेल. गडकरी रंगायतनमध्ये डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकाची कुणी फसवणूक केलेली नसते.

आता फॉरवर्डकडे. सर्लनेच एक खाचखळगा दाखवलाय: कादंबरीच्या पोटातही लेखक कधीकधी जगाबद्दल खरंखुरं विधान करून जातो. त्यामुळे 'कादंबरीत आहे म्हणून बाद' हेही चालत नाही. हमी शोधायची तर आधी प्रस्तावना आणि परिशिष्ट उघडा. तिथे लेखक स्वतःच्या नावाने बोलतो: कोणती पत्रं, कोणती बखर पाहिली, कोणतं पात्र स्वतः घडवलं. तिथे तो चुकला तर ती चूक त्याच्या पदरात घालता येते. मग तो संवाद मूळ पत्रात किंवा बखरीत शोधा. बखरीत सापडला तरी ती बखर घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली गेली ते बघा, कारण बखरकारही प्रसंग रंगवतो. कुठेच नाही सापडला, तर तो संवाद कादंबरीकाराचा आहे. खाली त्याचं नाव लिहा, आणि पाठवायचा तर तसाच पाठवा.