समजावणं हे कोणाचं काम?

महाराष्ट्रात कुठे डॉक्टरला मारहाण झाली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, डॉक्टर पेशंटशी धड दोन शब्द बोलत नाहीत, तपासण्या लिहून देतात आणि पुढच्याला आत बोलावतात. दुसऱ्या बाजूला घरातलेच डॉक्टर असतात. ते म्हणतात, लोक मोबाइलवर काहीबाही वाचून येतात, गोळ्या मनाने बंद करतात आणि बिघडलं की आमच्या अंगावर धावून येतात. मग २०१० चा डॉक्टरांच्या संरक्षणाचा कायदा कडक करा अशी मागणी होते, एखादा दिवस ओपीडी बंद राहते आणि विषय थंडावतो. जर्मनीत बसून मी हे सगळं वाचते आणि मला दोन्ही बाजूंचं बरंचसं पटतं. पण पेशंटला त्याचा आजार समजावून सांगणं हे नेमकं कोणाचं काम, हे त्या भांडणात कोणी विचारत नाही. आपल्याकडे ते कोणाला नेमून दिलेलं नाही, त्याचे कोणाला पैसे मिळत नाहीत, आणि म्हणून ते राहून जातं. इतकी साधी गोष्ट आहे असं माझं मत झालं आहे.

सोलापूरला माझी मावशी राहते. शहाणी बाई, घराचा हिशेब तोंडपाठ. तिचं बीपी वाढलेलं निघालं, डॉक्टरांनी गोळी सुरू केली. महिन्याने तपासलं तर बीपी नॉर्मल आलं, आणि मावशीने गोळी बंद केली. तिचा तर्क अगदी सरळ होता: ताप उतरल्यावर आपण तापाची गोळी घेतो का? बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळेच, आणि गोळी थांबली की ते पुन्हा चढणार, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढे डोकं दुखलं की ती एक गोळी घ्यायची. प्लास्टिकच्या पिशवीत तीन-चार पाकिटं, कशावर कसली गोळी ते रंगावरून ओळखायचं; मेडिकलवाल्याने एकदा दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, रंग बदलला, झालं. याला अडाणीपणा म्हणायला मी तयार नाही. मिळालेल्या माहितीवरून तिने काढलेला निष्कर्ष बरोबरच होता. माहिती अपुरी होती.

माझ्या नवऱ्याला इथे मधुमेह निघाला तेव्हा काय झालं ते सांगते. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि त्याच कागदांबरोबर वर्गाची तारीख दिली. दवाखान्यातल्याच एका छोट्या खोलीत टेबलाभोवती सात-आठ पेशंट, बरोबर कोणाची बायको, कोणाचा नवरा. शिकवायला डॉक्टर नव्हते, दवाखान्यातल्या सिस्टर होत्या, या कामाचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला आपली साखर आपण मोजायला लावली. मग अर्धा तास सगळ्यांना बाहेर चालायला पाठवलं आणि परत आल्यावर पुन्हा मोजायला लावली. जवळजवळ सगळ्यांचे आकडे उतरले होते. एक वयस्कर गृहस्थ ते यंत्र हातात धरून बघतच राहिले. चालण्याचे फायदे त्यांनी आयुष्यभर ऐकले असतील, पण स्वतःच्या रक्तात ते त्या दिवशी पाहिले.

आमचा प्रश्न भात आणि पोळीचा होता. सिस्टरना पोळी माहीत नव्हती. त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलं आणि म्हणाल्या, घरी नेहमीसारखं जेवा, दोन तासांनी मोजा, लिहून आणा, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी आमच्या वहीवरून त्यांनी सगळ्या वर्गाला शिकवलं. पायांच्या तळव्याला नायलॉनचा बारीक तंतू टेकवून संवेदना आहे का ते कसं तपासतात, घरी रोज पाय आरशात कसे बघायचे, हेही तिथेच. आणि प्रत्येक भाग संपला की त्या ‘समजलं का?’ असं विचारत नव्हत्या. एखाद्याकडे वळून म्हणायच्या, ‘हे तुम्ही घरी बायकोला कसं सांगाल, ते मला सांगा बघू.’ सांगताना तो अडखळला की त्या म्हणायच्या, मी नीट सांगितलं नसेल, आणि पुन्हा सांगायच्या. चुकीचा भार पेशंटवर पडू द्यायचा नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

ही पद्धत एका दिवसात आलेली नाही. ड्युसेलडॉर्फला प्राध्यापक मिखाएल बेर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्शुलिन घेणाऱ्या पेशंटसाठी पाच दिवसांचा अभ्यासक्रम घडवला. पुढे ब्रिटनने तो आपलासा केला आणि त्याची तिथली चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. गोळ्यांवर असलेल्या पेशंटसाठी चार बैठकांचा वर्ग तयार झाला, तो साध्या दवाखान्यात मदतनीस कर्मचाऱ्यांनी घ्यायचा. त्याचे निष्कर्ष १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले: शिकलेल्या पेशंटचं वजन उतरलं आणि गोळ्या कमी लागल्या. आज हा वर्ग उपचाराचाच भाग धरला जातो आणि त्याचे पैसे विमा कंपनी दवाखान्याला देते. सगळी गंमत या शेवटच्या वाक्यात आहे. शिकवण्याचे पैसे मिळतात म्हणून दवाखाना त्यासाठी माणूस ठेवतो, खोली ठेवतो, वेळ ठेवतो.

अशीच आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर २०१६ पासून इथल्या सरकारी विम्यातल्या ज्या पेशंटला तीन किंवा जास्त औषधं नियमित चालू आहेत, त्याला औषधांचा एक छापील तक्ता मिळण्याचा हक्क आहे. देशभर नमुना एकच. औषधाचं नाव, मग सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र अशी चार घरं आणि त्यात आकडे, आणि पुढे एक रकाना: हे औषध कशासाठी. त्या एका रकान्यासाठी मावशीच्या वतीने मी कितीतरी वेळा हळहळले आहे.

पण परदेशातून लिहिणाऱ्यांनी तिकडचं सगळं सोन्याचं म्हणून सांगू नये. २०१६ मध्ये बीलेफेल्ड विद्यापीठाच्या पाहणीत असं दिसलं की जर्मनीतल्या ५४ टक्के लोकांना आरोग्याविषयीची माहिती शोधणं, समजून घेणं, वापरणं अवघड जातं. २०२१ मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा तो आकडा ५९ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे सुधारणा नाहीच. औषधाच्या खोक्यातला माहितीचा कागद सामान्य माणसांकडून वाचवून घेऊन तपासावा असा युरोपचा नियम आहे, तरी तो कागद उलगडला की टेबल भरतं आणि वाचणारा घाबरून गोळीच घेत नाही. डॉक्टर इथेही घाईतच असतात. आणि भाषा कच्ची असलेल्या परदेशी माणसाला त्या वर्गात बसूनही निम्मं कळत नाही. आमच्याच वर्गात एक बाई शाळकरी मुलीला दुभाषी म्हणून घेऊन यायची, आणि ती मुलगी आईच्या पायांच्या जखमांविषयी ऐकत बसायची. ते मला बघवत नसे.

तेव्हा श्रीमंत देश, शिकलेले लोक, म्हणून सगळं जमतं, असं मुळीच नाही. जिथे शिकवण्याची नीट घडी बसवली आहे तिथे जमतं, बाकी ठिकाणी जर्मनीतही घोटाळाच आहे.

गावाकडे हे बोललं की पहिलं उत्तर येतं: आपल्याकडचे लोक शिकलेले नाहीत, त्यांना काय शिकवणार? अमेरिकेत २००६ मध्ये ३९५ पेशंटवर एक अभ्यास झाला. ‘दोन गोळ्या, दिवसातून दोनदा’ ही सूचना कमी वाचता येणाऱ्यांपैकी ७१ टक्के लोकांनी बरोबर वाचून सांगितली. मग त्यांच्यापुढे गोळ्या ठेवून, दिवसाच्या मोजून दाखवा, असं म्हटलं. चार गोळ्या बरोबर मोजणारे निघाले ३५ टक्के. वाचता येणं आणि करता येणं यात एवढं अंतर असतं. आणि आपल्या डिग्रीवाल्या मुंबईकर-पुणेकरांनी अँटिबायोटिकचा कोर्स मध्येच सोडण्याचं काय? तिथे तर अक्षरओळखीचा प्रश्न नाही.

हे अंतर उलट्या बाजूनेही कापता येतं, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही करता येतं, आणि त्याचं उदाहरण युरोपात शोधायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने बाळाचा न्यूमोनिया ओळखायला गावातल्या सुइणींना शिकवलं. त्यातल्या अनेकींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. दोन महिन्यांहून लहान बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त असेल तर धोका, हे त्यांना कसं कळावं? त्यांच्यासाठी मण्यांचं साधन बनवलं, बरोबर मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, सहावा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. जगभरच्या लोकांनी येऊन ते पाहिलं. गडचिरोलीत घरच्या घरी बाळाच्या काळजीचा जो प्रयोग झाला, त्यात आया आणि आज्यांना शिकवणं हाही एक भाग होता, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. लोकांना समजत नाही म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

दुसरं उत्तर गर्दीचं. ते खरं आहे. जगातली जवळजवळ निम्मी लोकसंख्या असलेल्या १८ देशांत डॉक्टर पेशंटला सरासरी पाच मिनिटं किंवा त्याहून कमी देतात, असं २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. आपली सरकारी ओपीडी ज्याने पाहिली आहे त्याला पाच मिनिटंही चैन वाटेल. म्हणूनच हे काम डॉक्टरकडे मागू नये. एमबीबीएस मराठीतून व्हावं की नाही यावर आपल्याकडे जोरात वाद चालतो. व्हावं की न व्हावं, पण मराठीत शिकलेला डॉक्टरही दीडशे केसपेपर समोर असताना मधुमेह समजावत बसणार नाही.

२०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीने देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं सांगितलं. तीस वर्षांवरच्या लोकांची यादी आशाताई दारोदार जाऊन भरतात, आरोग्य मंदिरात बीपी आणि साखर तपासली जाते, गोळ्या दिल्या जातात. यंत्रणा उभी आहे. तिच्यात शिकवण्याचा तास नाही. आशाताईंना कामागणिक मोबदला मिळतो, तर त्या यादीत आणखी एक ओळ घाला: चार बैठकांचा वर्ग पूर्ण केलेल्या प्रत्येक पेशंटमागे इतके रुपये. ‘जनजागृती’ म्हणून फलक, रॅली आणि उद्घाटनं यांवर होणारा खर्च इकडे वळवा. वर्ग घेण्याचं प्रशिक्षण सिस्टरना आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. औषधाचा तक्ता मराठीत छापा, आणि वाचता न येणाऱ्यासाठी सूर्य, चंद्र, ताट काढा.

ऑपरेशनच्या संमतीचंही तेच. जर्मनीत २०१३ पासून कायद्यातच लिहिलं आहे की समजावणं तोंडी, वेळेवर आणि पेशंटला कळेल अशा भाषेत झालं पाहिजे आणि सही केलेल्या कागदाची प्रत त्याला मिळाली पाहिजे. आपल्याकडे २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेशंटला पुरेशी माहिती देऊन घेतलेलीच संमती खरी, असं स्पष्ट केलं. तरी स्ट्रेचर आत नेताना नातेवाइकापुढे कोरा-बिरा फॉर्म धरून ‘इथे सही करा’ म्हणणं थांबलेलं नाही. पुढे काही बिघडलं की तोच नातेवाईक म्हणतो, आम्हाला काही सांगितलंच नाही. आणि त्याचं खरं असतं. मारहाणीचं समर्थन कोणी करू नये, मीही करत नाही. पण ज्या रागातून ती होते, त्यातला थोडा तरी राग या न झालेल्या बोलण्यातून साठलेला असतो.

वर्ग सुरू करताना एक पथ्य मात्र पाळावं लागेल. इथे माणूस एकटा किंवा जोडीदाराबरोबर येतो, तेवढं पुरतं. आपल्याकडे आजोबांची साखर सुनेच्या हातात असते आणि मावशीची गोळी आणायला भाचा जातो. पेशंटबरोबर स्वयंपाक करणारी आणि मेडिकलमध्ये जाणारी व्यक्ती वर्गात हवीच, नाहीतर शिकलेलं उंबऱ्याशी अडेल. आणि वर्गाची वेळ दुपारची ठेवावी, शेतीच्या हंगामात मात्र संध्याकाळची, कारण मजुरी बुडवून कोणी येणार नाही. यशाचा हिशेब हजेरीपटावरून करू नये. सहा महिन्यांनी घरी जाऊन औषधांची पिशवी टेबलावर ठेवायला सांगावी आणि विचारावं: यातली कुठली कशासाठी, आणि बरं वाटलं तर कुठली बंद करायची?