घर मॉडर्न करा, गोणी बाहेर ठेवा

सगळ्यात आधी भिंतीवरच्या खुंट्या काढा. खुंटी दिसली की माणूस शर्ट अडकवतो आणि शर्ट अडकवला की घरात कोणीतरी राहतं हे उघडं पडतं. मॉडर्न घरात शिरलेल्या पाहुण्याला निघेपर्यंत शंका वाटत राहिली पाहिजे की इथं खरंच कोणी राहतं, की सॅम्पल फ्लॅट बघून निघालो?

अनुभवाने सांगतोय. नाशिकच्या गंगापूर रोडला एका गल्लीत आमचा टू बीएचके आहे. मागच्या वर्षी तो मॉडर्न करून घेतला. त्याआधी पाच माणसं, दोन सायकली, एक शिलाई मशीन आणि आईचं बरण्यांचं संस्थान असा सगळा गोतावळा तिथं नांदत होता. माणसं अजूनही पाचच आहेत, फक्त दिसत नाहीत. पसाऱ्यात धरली जातात.

डिझायनर निवडताना त्याने केलेली घरं बघायला जाऊ नका, त्याचा थ्रीडी व्ह्यू बघा. थ्रीडी व्ह्यूमध्ये खिडकीबाहेर समोरच्या बिल्डिंगचे ड्रेनेजचे पाइप नसतात, झाडं असतात. डायनिंग टेबलावर तीन हिरवी सफरचंदं असतात. आमच्याकडे हिरवं सफरचंद कोणी खात नाही, तरी ते बघून बायको म्हणाली, "हेच करू." सफरचंदं कोटेशनमध्ये धरलीत का, असं मी विचारलं. डिझायनर म्हणाला, "सर, ती मूडसाठी असतात." पुढे कोटेशनच्या खाली ‘एक्स्ट्रा’ नावाचा रकाना वाढत गेला तेव्हा मला त्या सफरचंदांची फार आठवण आली.

मग फॉल्स सीलिंग. बिल्डरने साडेनऊ फूट उंची दिली, तिचे पैसे तुम्ही भरलेत. आता आणखी पैसे भरून त्यातले सहा इंच जिप्समच्या आड घाला. उरलेल्या खाचेत एलईडीची पट्टी, वॉर्म व्हाइट म्हणजे पिवळसर, ३००० केल्विन. या उजेडात कांदेपोहे केशरी भातासारखे दिसतात आणि तांदळातले खडे अजिबात दिसत नाहीत. आई तांदूळ निवडायला बाल्कनीत जाऊन बसते. याला डिझायनर ‘आउटडोअर सीटिंग’ म्हणतो.

प्लायवुडच्या भानगडीत फार पडू नका. सुतार ३०३ आणि ७१० असे आकडे फेकेल. ते आयएसचे, म्हणजे भारतीय मानकांचे नंबर आहेत, ७१० म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय. आपण गंभीर चेहऱ्याने "किचनला ७१०च लावा हं," म्हणायचं, की सुतार तुम्हाला जाणकार समजतो आणि चहा मागतो.

शेजाऱ्यांना तोंड द्यायचं तर थोडा इतिहास पाठ हवा. जर्मनीत वायमारला १९१९ साली आर्किटेक्ट वॉल्टर ग्रोपियसने बाउहाउस नावाची डिझाइनची शाळा काढली. वस्तू कशासाठी वापरायची ते आधी ठरवा, उगाच नक्षी नको, कारखान्यात भरपूर निघावी आणि साध्या माणसाला परवडावी, असा त्या मंडळींचा एकूण रोख होता. यातलं ‘उगाच नक्षी नको’ एवढंच शेजाऱ्यांना सांगा. वापर आणि परवडणं हे दोन शब्द गाळा, कारण ते ऐकून समोरचा तुमच्या फ्लुटेड पॅनेलकडे बघायला लागतो. आमच्या हॉलमध्ये टीव्हीमागे असं उभ्या खाचांचं पॅनेल आहे. खाचा एकशे चौदा. मला माहीत आहे, कारण दर रविवारी त्यातली धूळ मी इअरबडने काढतो.

हॉलसाठी एक बार्सिलोना चेअर घ्या, बुटकी, मागे कललेली. खरी नको, तिची किंमत ऐकून बसायच्या आधीच उभं राहावंसं वाटतं. तसल्या आकाराची घ्या. आर्किटेक्ट मीस व्हान डेर रोह आणि डिझायनर लिली राइख यांनी ती १९२९ साली बार्सिलोनाच्या प्रदर्शनातल्या जर्मन दालनासाठी केली, स्पेनच्या राजाराणीला टेकायला म्हणून. राजे लोक उद्घाटनाला येतात, सही करतात आणि जातात, त्यामुळे त्या खुर्चीतून उठायचं कसं हा विचार कोणी केला नसावा. आमची येवल्याची मावशी तीत बसली. संध्याकाळी तिला दोघांनी धरून काढली. "खुर्ची आहे का आड?" म्हणाली.

याच मीसने अमेरिकेत एडिथ फार्न्सवर्थ या डॉक्टरीणबाईंना नदीकाठी काचेचं घर बांधून दिलं, १९५१ साली पुरं झालं. जगभरचे आर्किटेक्ट आजही ते बघायला जातात. खर्चावरून मालकीणबाई आणि आर्किटेक्ट कोर्टात गेले, डासांनी बाईंना हैराण केलं आणि १९५४ साली पुराचं पाणी घरात शिरलं. आपल्याकडे निदान पूर मोजायला गोदाकाठी दुतोंड्या मारुतीची मूर्ती तरी आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, हे पोरंसोरंही येऊन सांगतात आणि दुकानदार माल वर चढवायला लागतात. म्हणून तुम्हाला एकच सल्ला: काच जरूर लावा, फक्त बिल आधी वाचा.

जुन्या सामानाचं काय करायचं? भंगारवाल्याला द्या, आणि लवकर द्या, म्हणजे पश्चात्तापाला भरपूर वेळ मिळतो. आमच्या आजोबांची वेताची खुर्ची होती, सागवानी, बैठक विणलेली. ती मी दीडशे रुपयांना घालवली. सहा महिन्यांनी डिझायनरने हॉलच्या कोपऱ्यासाठी ‘केन ॲक्सेंट चेअर’ सुचवली, किंमत अठरा हजार. मी एकटाच असा, असंही नाही. चंदीगड वसवताना आर्किटेक्ट पिएर जानेरेने सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या करून घेतल्या होत्या. कारकुनांनी त्या वापरून वापरून मोडल्या, मग गच्चीत आणि अंगणात ढीग लागले, भंगारात गेल्या. आज त्याच परदेशातल्या लिलावात लाखांनी विकल्या जातात. सरकारचं जिथं चुकलं तिथं माझं चुकायला काय हरकत आहे?

आईचा या सगळ्याला विरोध नव्हता. तिला फक्त नवल वाटत होतं. तिचं लहानपण पंचवटीतल्या वाड्यात गेलं. माजघरात सामान म्हणाल तर एक फडताळ आणि भिंतीत दोन कोनाडे. जेवायच्या वेळी पाट मांडायचे, रात्री त्याच जागी गाद्या घालायच्या, सकाळी खोली पुन्हा रिकामी. डिझायनर ‘मिनिमल, मल्टिफंक्शनल स्पेस’ समजावत होता तेव्हा ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच. मग एवढे पैसे कशाचे?"

नाशिककरांना आणखी एक अडचण असते, ती म्हणजे पाहुणे. कोणाचं त्र्यंबकला नारायण नागबळी असतं, कोणाला रामकुंडावर विधी करायचे असतात, आणि २०२७ला तर सिंहस्थच आहे. तेव्हा कुठकुठले चुलत-मावस उगवतील सांगता येत नाही. मॉडर्न घरात माळा नसतो. गाद्या ठेवायला हायड्रॉलिक बेड असतो, तो उघडायचा तर त्यावर झोपलेल्याला आधी उठवावं लागतं. नको असलेले पाहुणे टाळायला याहून सभ्य उपाय मला माहीत नाही.

पण निफाडचे काका टळत नाहीत. ते वैशाखात आले, खांद्यावर उन्हाळ कांद्याची गोणी. ऑफ-व्हाइट फरशीवर मातीची रेघ ओढत हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "कुठं टाकू?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. आठ लाखांत हा एक प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

काका किचनकडे वळले. आमचं किचन हँडललेस आहे. त्यांनी कडी शोधली, मूठ शोधली, शेवटी पोराला विचारलं, "हे उघडतं कसं रे?" "ढकला, आजोबा." काकांनी गोठ्याचं फाटक ढकलावं तसं ढकललं. तीन ड्रॉवर एकदम बाहेर आले, त्यातला एक गुडघ्यावर. अखेर खालच्या मोठ्या ड्रॉवरमध्ये मावेल तेवढा कांदा भरला, उरलेला शेजारी वाटला आणि सॉफ्ट-क्लोजने ड्रॉवर अगदी अलगद मिटला.

आता कांद्याला वारा लागतो, हे लासलगावच्या बाजारात कोणीही सांगेल. कांदाचाळीला फटी उगाच ठेवत नाहीत. आमच्या ड्रॉवरला फट नव्हती, उलट कडेला रबराची पट्टी होती. दहाव्या दिवशी घरात वास सुटला. मी डिझायनरला व्हिडिओ कॉल लावला. त्याने सगळ्या भिंती दाखवायला सांगितल्या आणि "लॅमिनेटच्या गोंदाचा असेल, जाईल हळूहळू," म्हणाला. पंधराव्या दिवशी ती रबराची पट्टी सारून हिरवा कोंब बाहेर आला. घरात आपणहून उगवलेली तेवढीच एक वस्तू. बाकीची हिरवळ प्लास्टिकची आहे.

आईने कोणाला विचारलं नाही. सडके कांदे काढले, चांगले निवडले, बांबूच्या पाटीत पसरले आणि पाटी हॉलमधल्या कोनाड्यात नेऊन ठेवली. हा कोनाडा बुद्धाच्या मुखवट्यासाठी केला होता. पैसे संपल्यामुळे बुद्ध राहून गेला होता, वरचा स्पॉटलाइट मात्र लागला होता. त्या उजेडात कांदे तांब्यासारखे झळकत होते. वारा होता, अंधार नव्हता, कुठे ठेवायचे हा प्रश्न मिटला होता.

शनिवारी बायकोच्या भिशीच्या मैत्रिणी आल्या. बेड बघितला, सीलिंग बघितलं, पॅनेलच्या खाचांवरून एकीने बोट फिरवलं. मग सगळ्या कोनाड्यापाशी थबकल्या.

"अय्या, हे किती वेगळं आहे! कुठून घेतलंस गं?"

"निफाडहून मागवलं," बायको म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही तिची.

"आमच्या भिंती ग्रे आहेत. यात व्हाइट मिळेल का?"

खुर्चीत अडकून बसलेली मावशी म्हणाली, "मिळतो की. पण तो अलिबागचा."