"आरसा पुरतो, मापं कशाला?" : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

चष्म्याची फ्रेम मापं बघून निवडण्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. रागाच्या भरात लिहू नये म्हणून सकाळपर्यंत थांबलो. राग अजून पुरता गेलेला नाही, तेही सांगून टाकतो.

तुमचे मुद्दे असे : काडीच्या लांबीबद्दल मी चूक लिहिलंय, पोलराइज्ड गॉगलमधून मोबाइलचा स्क्रीन काळा दिसतो हे सांगितलेलं नाही, ऑनलाइन स्वस्तात फ्रेम मिळत असताना मी लोकांना नाशिकच्या कॉलेज रोडच्या दुकानांत पायपीट करायला लावतोय, आणि शेवटी, "आरशात चांगली दिसली की फ्रेम घ्यावी, मिलिमीटर मोजत बसणं हा रिकामटेकडेपणा आहे."

पहिलं मान्य. काडीवर १४० लिहिलेलं असतं ते बिजागरीपासून कानामागच्या टोकापर्यंतचं, वळणासकट माप. मी 'कानापर्यंत' असं लिहिलं होतं. चूक माझी, लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ते शेवटचं वाक्य. तुम्ही मतभेद नोंदवला असता तर मला काहीच वाटलं नसतं. पण ओळख ना पाळख, आणि थेट 'रिकामटेकडेपणा'? समोरासमोर बसलो असतो तर हा शब्द तुमच्या तोंडून निघाला नसता. तो लेख मी नोकरी सांभाळून तीन रविवार बसून लिहिलाय. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचलेला नाही हे उघड दिसतंय, कारण आरशाबद्दल त्यात एक सबंध परिच्छेद आहे.

मला चौथीत चष्मा लागला. आज दोन्ही डोळ्यांना मायनस साडेसहा आहे. तुम्हाला नंबर आहे का, असल्यास किती, याचा तुमच्या प्रतिक्रियेत उल्लेख नाही. माझ्यासारख्याने दुकानात फ्रेम लावून बघितली की तिच्यात साधी काच असते. त्या काचेतून आरशात मला माझाच चेहरा धूसर दिसतो! नाक आरशाला टेकवलं तर डोळे तेवढे दिसतात. आणि तुम्ही म्हणता, आरसा पुरतो.

पहिल्या पगारात मी तुमच्याच पद्धतीने फ्रेम घेतली होती. शहरातलं एक दुकान, मोठी चौकोनी फ्रेम, सोबतचे मित्र म्हणाले शोभते, विक्रेताही म्हणाला शोभते. काडीच्या आत ५६-१८ छापलेलं होतं, म्हणजे एक काच ५६ मिलिमीटर रुंद आणि नाकावरचा पूल १८. बेरीज ७४. माझी पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, ६०. फरक १४, एकेका डोळ्याला ७ मिलिमीटर. काचेचं केंद्र बाहुलीसमोर यायला हवं, म्हणून ते तेवढं नाकाकडे सरकवावं लागतं. मायनसची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड. केंद्र नाकाकडे गेलं की कानाकडे उरतो तो सगळा जाड भाग. हे मला कोणीही सांगितलं नाही.

चष्मा हातात आला तेव्हा बाहेरची कड फ्रेमच्या मागे ठसठशीत बाहेर आलेली. वजनाने तो घसरायचा. एप्रिलमध्ये अंबडच्या कारखान्याच्या शेडमध्ये घाम आला की तासात दहा वेळा बोटाने वर ढकलायचा. मायनसची काच डोळ्यापासून लांब गेली की तिचा जोर कमी पडतो, म्हणून घसरलेल्या चष्म्यातून लांबची पाटी वाचताना डोळे बारीक करावे लागायचे. संध्याकाळी चष्मा काढला की नाकाच्या दोन्ही बाजूंना तुरीच्या दाण्याएवढे लाल खड्डे. दोन वर्षं काढली अशी. आरशात मात्र फ्रेम छान दिसत होती.

मग रविवार कारंज्याजवळच्या एका जुन्या चष्मेवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आधी पट्टी भुवयांखाली धरून पीडी मोजली, मग ४८-१८ची शेलची, म्हणजे जाड प्लास्टिकची, फ्रेम काढली. बेरीज ६६, म्हणजे प्रत्येक बाजूला फक्त ३ मिलिमीटर. नंबर तोच, पण कड कितीतरी पातळ. "हसा बघू," म्हणाले. हसल्यावर गाल खालच्या कडेला लागतात का, ते त्यांना बघायचं होतं. मग काडीचं टोक गरम काचमण्यांच्या भांड्यात खुपसलं, मऊ झाल्यावर अंगठ्याने वाकवलं, कानामागे लावून पाहिलं, पुन्हा गरम केलं. वळण कान संपतो तिथेच सुरू व्हायला हवं. आधी झालं तर काडी कानाला टोचते, नंतर झालं तर चष्मा पुढे येतो. हे काम चारदा करणाऱ्या त्या माणसाला तुम्ही काय म्हणाल?

ऑनलाइन किंमत आणि पोलराइज्ड काच यावर मी वाद घालणार नाही. गॉगल घेताना यूव्ही ४००, म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच, असं लिहिलेलं बघा, नुसत्या काळ्या काचेवर जाऊ नका, एवढं लेखात आहे आणि ते पुरेसं आहे.

आत्ता तुमच्याकडे चष्मा असेल तर तो काढा. काडीच्या आतल्या पहिल्या दोन आकड्यांची बेरीज करा, त्यातून तुमची पीडी वजा करा. पीडी माहीत नसेल तर चष्म्याच्या दुकानात मिनिटभरात मोजून मिळते. उत्तर दहाच्या वर आलं आणि नंबर मोठा असेल, तर कानाकडची कड बोटाने चाचपून बघा. मग पुन्हा लिहा. मी उत्तर देईन. फक्त तो शब्द नको.